शब्दचर्चा : शस्त्रक्रियेची ‘निष्पत्ती’, रुग्णाचा ‘गुण’ आणि सर्जनचा ‘हातगुण’

विचारणा : भाषांतरकार, पुणे

गुडघ्याच्या दुखण्यावर दोन निरनिराळ्या पद्धतींनी शस्त्रक्रिया करून कोणत्या पद्धतीने रुग्णांना अधिक आराम पडतो, हे पाहणाऱ्या एका संशोधनाचे माहितीपत्रक सध्या माझ्याकडे भाषांतरासाठी आले आहे. सहभागी होणाऱ्या रुग्णाने ते वाचून, समजून घेऊन मग संमतीपत्रकावर सही करायची असते, त्यामुळे शब्दकोशातला शब्द उचलून जागेवर बसवला की काम झाले, असे येथे म्हणता येत नाही. मूळ मजकुरात ‘आउटकम’ हा शब्द दोन पानांत अकरा वेळा आला आहे. त्यासाठी परिणाम, निष्पत्ती, फलित आणि फलश्रुती असे चार शब्द मी लिहिले आणि चारही खोडले. ‘शस्त्रक्रियेचे परिणाम’ हे शीर्षक आईला वाचून दाखवले, तेव्हा तिचा पहिला प्रश्न ‘म्हणजे काय काय बिघडू शकतं?’ असा होता. जाणकारांनी मार्ग सुचवावा.

प्रतिसाद : निवृत्त मराठी शिक्षक, रत्नागिरी

आपल्या मातोश्रींचा कान पक्का आहे. ‘परिणाम’ हा शब्द मुळात निःपक्ष असला, तरी ‘याचे परिणाम तुला भोगावे लागतील’ या वळणाच्या वाक्यांत तो इतका वापरला गेला आहे की आता त्याला बऱ्यापेक्षा वाइटाचाच वास अधिक येतो. ‘निष्पत्ती’ शुद्ध आहे, आणि शाळांमध्ये ‘अध्ययन निष्पत्ती’ रूढ झाल्यापासून शिक्षकांच्या तरी तो अंगवळणी पडला आहे. मात्र गुडघा दुखतो म्हणून आलेल्या माणसाला त्याचा काही उपयोग नाही.

‘फलश्रुती’ खोडलीत हे फार चांगले केलेत. फलश्रुती म्हणजे मिळालेले फळ नव्हे, तर मिळणार असलेल्या फळाचे सांगणे. स्तोत्र म्हटल्याने काय लाभेल हे सांगणाऱ्या शेवटच्या श्लोकांना ते नाव आहे. आपल्यापैकी अनेकांना पाठ असलेल्या संकटनाशन गणेशस्तोत्राच्या अखेरीस सहा महिन्यांत फळ आणि वर्षभरात सिद्धी मिळेल असे सांगून वर ‘नात्र संशयः’ असा शिक्का मारलेला आहे. सहा महिने आणि एक वर्ष याच टप्प्यांवर आपले संशोधकही रुग्णांना बोलावत असतील. परंतु त्यांचा सगळा खटाटोप मुळी संशय आहे म्हणूनच चाललेला असतो.

आता माझी सूचना. मराठीत या अर्थाचा जिवंत शब्द आहे, तो ‘गुण’. ‘औषधाला गुण आहे’, ‘आठ दिवसांत गुण आला’, ‘पुष्कळ केलं, पण गुण नाही’ हे कोणत्याही जिल्ह्यात कोणालाही समजते. दुसरे असे की वर्तमानपत्रांतल्या ‘शस्त्रक्रिया यशस्वी’ या ठरीव वाक्यात यश शस्त्रक्रियेला मिळते, म्हणजे पर्यायाने ती करणाराला; ‘गुण आला’ म्हटले की वाक्य रुग्णाकडे वळते. आपल्या माहितीपत्रकाला नेमके तेच हवे असावे.

प्रतिसाद : अस्थिशल्यचिकित्सक, नाशिक

गुरुजींचा ‘यशस्वी’वरचा आक्षेप मला आमच्या बाजूनेही मान्य आहे. एक्स-रेमध्ये सगळे जागच्या जागी दिसत असते, टाके स्वच्छ भरलेले असतात, कागदोपत्री उणे काढायला जागा नसते, आणि समोर बसलेली बाई म्हणत असते की जिना उतरताना कळ तशीच येते. बॉस्टनचे सर्जन अर्नेस्ट कॉडमन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी नेमके यावरच बोट ठेवले होते. प्रत्येक रुग्णाला वर्षभराने पुन्हा तपासून शस्त्रक्रियेचा अखेर उपयोग झाला की नाही याची नोंद ठेवावी, नसेल झाला तर का, तेही लिहावे, असा त्यांचा आग्रह होता. स्वतःच्या छोट्या रुग्णालयातून १९११ ते १९१६ या काळात घरी गेलेल्या ३३७ रुग्णांच्या नोंदींत त्यांनी १२३ चुका मोजल्या आणि त्या छापूनही टाकल्या. सहकाऱ्यांना ते आवडले नाही, हे वेगळे सांगायला नको.

‘गुण’ हा शब्द मात्र मला अधिक सावधपणे वापरावासा वाटतो, आणि त्याचे कारण व्याकरणात आहे. ‘शस्त्रक्रियेनंतर गुण आला’ आणि ‘शस्त्रक्रियेने गुण आला’ ही दोन वाक्ये आपण रोजच्या बोलण्यात एकमेकांच्या जागी सर्रास वापरतो. शस्त्रक्रियांवरचे गेल्या साठ-पासष्ट वर्षांतले सर्वांत गाजलेले प्रयोग मात्र या ‘नंतर’ आणि ‘ने’ यांच्यामधल्या फटीतच घडलेले आहेत.

एक उदाहरण थोडे सविस्तर सांगतो, कारण ते गुडघ्याचेच आहे. झिजलेल्या गुडघ्यात दुर्बीण घालून आतला भाग धुऊन काढणे किंवा खरवडून साफ करणे, हे ऑपरेशन एके काळी सर्रास होत असे आणि रुग्ण बरे वाटल्याचे सांगतही असत. अमेरिकेतील ह्यूस्टन येथे माजी सैनिकांच्या रुग्णालयात ब्रूस मोझली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८० रुग्णांचे तीन गट केले. एका गटाचा गुडघा आतून साफ केला, दुसऱ्याचा नुसता धुतला, आणि तिसऱ्या गटाला गुंगीचे औषध देऊन गुडघ्यावर एक-एक सेंटिमीटरचे तीन छेद तेवढे घेतले; दुर्बीण आत घातलीच नाही. रुग्णाला संशय येऊ नये म्हणून सर्जन नेहमीसारखी हत्यारे मागत होता, गुडघा हलवत होता, धुण्याचा आवाज यावा म्हणून पाणीही उडवले जात होते. २००२ मध्ये निष्कर्ष छापून आले, तेव्हा दोन वर्षांच्या पाहणीत तिन्ही गटांच्या दुखण्यात आणि हालचालीत सांगण्याजोगा फरक आढळला नव्हता. बरे वाटल्याचे तिन्ही गटांतले लोक सांगत होते. म्हणजे शस्त्रक्रियेनंतर गुण आला होता, शस्त्रक्रियेने आला असे म्हणायला आधार उरला नव्हता.

याच प्रयोगात गुरुजींच्या शब्दकुळातला आणखी एक शब्द दडलेला आहे, तो म्हणजे ‘हातगुण’. गोळी कोणीही हातावर ठेवली तरी गोळी तीच असते, शस्त्रक्रिया मात्र करणाऱ्याच्या हातातूनच रुग्णापर्यंत पोहोचते, आणि म्हणून दोन पद्धतींची तुलना करताना आपण पद्धती तोलतो आहोत की हात, हा प्रश्न आमच्या क्षेत्रात कायम असतो. मोझलींच्या अभ्यासात तिन्ही गटांतल्या सर्व रुग्णांवर एकाच सर्जनने काम केले होते, त्यामुळे गटागटांत हातगुणाचा फरक राहिला नाही; पण त्यामुळेच ‘दुसऱ्या कोणाच्या हाताने कदाचित गुण आला असता’ असे म्हणायला टीकाकारांना वावही मिळाला. इतक्या नेमक्या गोष्टीला मराठीत आधीपासून घरगुती शब्द आहे, याचा मला एक सर्जन म्हणून हेवा वाटतो. आम्ही परिषदांमध्ये त्यासाठी तीन-तीन शब्दांच्या संज्ञा वापरतो.

तिसऱ्या गटावर जे केले त्याला काय म्हणावे, हा प्रश्न आपण विचारलेला नसला तरी पुढच्या एखाद्या माहितीपत्रकात तो उभा राहील. ‘खोटी शस्त्रक्रिया’ म्हटले की फसवणुकीचा आरोप होतो. ‘लुटुपुटुची’ हा शब्द मला आवडतो, पण लुटुपुटुच्या लढाईत कोणाला टाके पडत नाहीत आणि येथे पडतात. ‘छद्म शस्त्रक्रिया’ चालावी, असे माझे मत आहे, मात्र त्याखाली साध्या भाषेत ‘कातडीवर छेद घेतला जाईल, आत काहीही केले जाणार नाही’ हे वाक्य असलेच पाहिजे. ह्यूस्टनला तर प्रत्येक सहभागी रुग्णाकडून त्याच्या स्वतःच्या अक्षरात लिहून घेतले होते की आपल्यावर केवळ छद्म शस्त्रक्रिया होऊ शकते आणि तिचा आपल्या गुडघ्याच्या दुखण्याला उपयोग होणार नाही. पात्र ठरलेल्या ३२४ जणांपैकी १४४ जणांनी हे समजल्यावर नकार दिला. शब्द चोख असले की नकारही येतात, याची तयारी संशोधकांनी ठेवावी लागते.

जाता जाता ‘गुंतागुंत’ हा शब्द आपल्या पत्रकात असेल, तर तो पुन्हा तपासावा. ‘गुंतागुंतीची शस्त्रक्रिया यशस्वी’ या मथळ्यांनी त्याचा अर्थ ‘अवघड’ असा करून ठेवला आहे, आणि ‘गुंतागुंत होऊ शकते’ हे वाचून माझ्या रुग्णांना ऑपरेशन किचकट आहे एवढेच कळते. जखम चिघळणे किंवा पायाच्या शिरेत रक्ताची गाठ होणे त्यांच्या डोळ्यांसमोर येत नाही. आयुर्वेदातला ‘उपद्रव’ या अर्थी अचूक होता, पण तो आता डासांच्या वाट्याला गेला आहे.

प्रतिसाद : संशोधन समन्वयक परिचारिका, मुंबई

मी स्वतः वॉर्डात बसून हे कागद रुग्णांना समजावून सांगते, म्हणून ‘गुण’ या शब्दाबद्दल एक अनुभव नोंदवते. एका अभ्यासात वेदनेची तीव्रता विचारताना मराठी प्रश्नावलीत ‘आपल्या दुखण्याला ० ते १० पैकी किती गुण द्याल?’ असे छापलेले होते. ऑपरेशनच्या तिसऱ्या दिवशी एका आजींनी हसत हसत ‘दहा’ सांगितले. मी घाबरून डॉक्टरांना बोलावणार, तोच त्या म्हणाल्या, ‘अगं, दुखणं गेलं ना, मग दहापैकी दहा नको द्यायला?’ त्यांच्या लेखी गुण म्हणजे चांगलेच. वाइटाला गुण देतात हे त्यांनी आयुष्यात कधी ऐकले नव्हते. नंतर जुने कागद चाळले, तेव्हा पहिल्या दिवशी २ आणि दहाव्या दिवशी ९ असे लिहिलेले आणखी काही रुग्ण सापडले, आणि त्यांतले कोण खरोखर कळवळत होते व कोण आजींसारखे मार्क देत होते, हे ठरवायला आम्हाला एकेकाला फोन करावे लागले. ‘गुण’ बोलण्यात राहू द्या, प्रश्नावलीत नको. तेथे ‘दुखणे किती आहे, ० म्हणजे मुळीच नाही, १० म्हणजे असह्य’ असे सरळ लिहावे.

दुसरा मुद्दा ‘वाचणे’ आणि ‘जगणे’ यांचा. कर्करोगाच्या शस्त्रक्रियांच्या अभ्यासात हा फरक जिवाभावाचा असतो. नातेवाईक विचारतात, ‘पेशंट वाचेल ना?’ वाचणे ही त्यांच्या मनात एका क्षणात घडणारी गोष्ट असते, ऑपरेशन थिएटरच्या दाराशी निकाल लागणारी. संशोधनात मोजले जाते ते जगणे, महिन्यांत आणि वर्षांत. टाटा मेमोरियल रुग्णालयात अनिल डिक्रूझ यांच्या नेतृत्वाखाली झालेला तोंडाच्या कर्करोगाचा अभ्यास २०१५ मध्ये छापून आला. तोंडातली गाठ काढतानाच मानेतल्या ग्रंथीही काढून टाकल्या, तर तीन वर्षांनी ८० टक्के रुग्ण हयात होते, आणि आधी वाट पाहून ग्रंथी सुजल्यावरच त्या काढल्या, तर ६७.५ टक्के. त्याच वर्षी त्याच रुग्णालयातून राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांचा ३५० स्त्रियांवरचा अभ्यासही आला. स्तनाचा कर्करोग आधीच शरीरात इतरत्र पसरलेला असेल, तर स्तनातली मूळ गाठ काढल्याने आयुष्य वाढत नाही, असे त्यात दिसले. दोन्ही गटांतले जगणे दीड-पावणेदोन वर्षांच्या आसपासच राहिले. या सगळ्या रुग्णांबद्दल घरी फोन गेला असेल तो ‘ऑपरेशन व्यवस्थित झालं’ असाच, आणि तो खोटाही नसेल. म्हणून माहितीपत्रकात ‘जीव वाचण्याचे प्रमाण’ असे न लिहिता ‘तीन वर्षांनी किती जण हयात होते’ असे लिहावे, हे मी आग्रहाने सांगेन.

‘यादृच्छिक’ हा शब्द तेवढा काढाच. एका काकांनी तो ‘यथेच्छ’ असा वाचला आणि गट आपल्या इच्छेने निवडायचा आहे असे समजून कोणता चांगला ते मला विचारत बसले. मी ‘चिठ्ठी टाकल्यासारखे संगणक ठरवील’ असे सांगते. ‘सोडत’ म्हटले की लोकांना म्हाडाचे घर आठवते, आणि मग एका गटातल्यांना वाटते की आपले घर लागले नाही.

उत्तर : भाषांतरकार, पुणे

तिघांचेही मनापासून आभार. गुरुजी, ‘गुण’ मी पत्रकातून काढला, पण रुग्णांशी बोलणाऱ्यांना देण्याच्या सूचनांमध्ये ठेवला आहे. ताई, आजींचा किस्सा वाचून माझ्या मसुद्यात तशीच एक ओळ सापडली, ती बदलली. अकरा ठिकाणी एकच शब्द आणण्याचा हट्टही सोडून दिला. तांत्रिक सारांशात ‘निष्पत्ती’ आहे. रुग्णाच्या पानावर आता पुढील मजकूर जातो आहे.

‘संगणक चिठ्ठी टाकल्याप्रमाणे आपला गट ठरवील, तो आपण किंवा आपले डॉक्टर निवडू शकणार नाही. शस्त्रक्रियेनंतर सहा आठवड्यांनी, सहा महिन्यांनी आणि एक वर्षाने आपल्याला दाखवायला बोलावले जाईल आणि आपला गुडघा किती दुखतो, जिना चढता-उतरता येतो का, हे विचारले जाईल. दोन्हींपैकी कोणत्या शस्त्रक्रियेमुळे रुग्णांना अधिक आराम पडतो, हे आज डॉक्टरांनाही माहीत नाही.’

‘मुळे’ मी डॉक्टरसाहेबांचे म्हणणे लक्षात ठेवून मुद्दाम ठेवला आहे. एक अडचण अजून सुटलेली नाही. प्रश्नावली परदेशी घडणीची असल्याने तिच्यात ‘बाथटबमध्ये उतरताना किती त्रास होतो?’ असा प्रश्न आहे, आणि ‘मांडी घालून बसता येते का?’ हा प्रश्न नाही. मूळ प्रश्न परवानगीशिवाय बदलता येत नाही, म्हणून मांडीचा प्रश्न शेवटी स्वतंत्रपणे जोडण्याची विनंती संशोधकांना केली आहे. त्यात ‘मांडी घालून’ आणि ‘उकिडवे’ असे दोन्ही विचारावे असे मला वाटते. ‘उकिडवे’ हा शब्द विदर्भात आणि मराठवाड्यात याच अर्थाने चालतो का, हे तेथील वाचकांनी कळवावे.