मोठा कौटुंबिक तंबू काही वर्षांतच निकामी झाला. दुरुस्त करावा की नवा घ्यावा, आणि नवा कोणता?

नाशिकची_भटकंती

नमस्कार. आमच्या घरात लहानमोठी मिळून सात माणसे आहेत. त्यांत माझे सासू-सासरे आणि शाळेत जाणारी मुले आहेत. हिवाळ्यात भंडारदरा, पवना किंवा तापोळ्याच्या बाजूला आम्ही तंबू ठोकून मुक्काम करतो. आमचा तंबू आठ जणांचा, घुमटाच्या आकाराचा, पॉलिएस्टर कापडाचा आणि फायबरग्लासच्या काठ्यांचा आहे. पावसाळाभर तो घडी घालून माळ्यावर त्याच्याच पिशवीत ठेवलेला असतो.

यंदा दिवाळीनंतर तो उघडला, तेव्हा बाहेरच्या आवरणाची आतली बाजू चिकट झालेली आढळली. घड्या एकमेकींपासून सोलून काढाव्या लागल्या आणि आंबट, उग्र वास येत होता. शिवणींवरची पारदर्शक पट्टी ठिकठिकाणी सुटली आहे, मुख्य काठीचा एक तुकडा उभा चिरला आहे आणि दाराची चेन रनर पुढे गेला तरी मागे उघडीच राहते. विशेष म्हणजे कापड कुठेही फाटलेले नाही. अशा स्थितीत दुरुस्तीवर खर्च करावा का? नवा घ्यायचा झाल्यास तो अधिक काळ टिकावा यासाठी नेमके काय पाहावे? सासूबाईंना वाकून आत शिरणे जमत नाही, त्यामुळे आत उभे राहता येईल एवढी उंची आवश्यक आहे.

मेखा_आणि_तणावे

आपण सांगितलेल्या तक्रारींपैकी चेन आणि काठी या दोन्ही दुरुस्त होण्यासारख्या आहेत. चिकटपणा मात्र दुरुस्त होत नाही, आणि निर्णय त्यावरच घ्यावा असे माझे स्पष्ट मत आहे.

पॉलिएस्टरचे कापड स्वतः पाणी अडवत नाही. त्याच्या आतल्या बाजूला पॉलियुरेथेनचा पातळ लेप दिलेला असतो आणि पाणी अडवण्याचे काम तो लेप करतो. हवेतील बाष्पाशी त्या लेपाची हळूहळू रासायनिक अभिक्रिया होते आणि त्याचे रेणू तुटत जातात; उष्णता आणि दमटपणा जितका अधिक, तितकी ही क्रिया वेगाने होते. जून ते सप्टेंबर या काळात आपल्याकडच्या घरांमधला माळा उबदारही असतो आणि दमटही, त्यामुळे वापर कमी असूनही तंबू ठेवल्या जागी जुना होतो. आपल्याला आलेला वास आणि चिकटपणा हीच या बिघाडाची खूण आहे. शिवणीवरची पट्टी त्याच लेपावर चिकटवलेली असते, म्हणून लेप सुटला की पट्टीही सुटते. वरून नवी पट्टी लावली तरी तिला धरायला काही उरलेले नसते. बाजारात मिळणारे जलरोधक फवारे बहुतेक करून कापडाच्या बाहेरच्या बाजूवर पाण्याचे थेंब घरंगळावेत यासाठी असतात. गेलेल्या लेपाची जागा ते घेऊ शकत नाहीत. म्हणून बाहेरच्या आवरणावर पैसे घालू नयेत.

नवा घेताना किती मिलिमीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाचा दाब कापड सोसते हा आकडा पाहावा. छताला 2000 ते 3000 मिलिमीटर पुरेसे असते. जमिनीच्या कापडावर माणूस गुडघे टेकतो तेव्हा दाब कितीतरी वाढतो, म्हणून तिथे किमान 5000 असावे. मात्र हा आकडा नव्या कापडाचा असतो. लेप किती वर्षे टिकेल हे त्यावरून कळत नाही. टिकणे बव्हंशी साठवणुकीवर अवलंबून आहे. परत आल्यावर तंबू सावलीत पूर्ण वाळवावा, पिशवीत घट्ट कोंबू नये, सुती खोळीत सैल ठेवावा आणि माळ्याऐवजी घरातल्या सर्वांत कोरड्या, हवेशीर कपाटात जागा द्यावी. वॉशिंग मशीन आणि कपड्यांची पावडर या दोन्हींपासून तो दूर ठेवावा.

सह्यवारा

साठवणुकीविषयी वर लिहिले आहे ते योग्यच आहे. मला वाऱ्याविषयी लिहायचे आहे, कारण मोठ्या तंबूची काठी बहुधा तिथेच मोडते. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो, आणि आठ जणांच्या उंच तंबूची वाऱ्याला सामोरी जाणारी बाजू एखाद्या भिंतीएवढी असते. जलाशयाच्या काठावर उघड्या मैदानात रात्री वारा सुटला, किंवा मे महिन्यात वळवाच्या आधीची वावटळ आली, की हा सगळा भार फायबरग्लासच्या काठ्यांवर येतो. अशी काठी वाकून राहत नाही, ती धातूच्या जोडनळीजवळ उभी चिरते आणि तिचे टोक कापडालाही फाडते. अ‍ॅल्युमिनिअमच्या मिश्रधातूची काठी आधी वाकते, त्यामुळे तिच्यावर नळी चढवून मुक्काम निभावता येतो.

म्हणून सात जणांसाठी आठ जणांचा एक तंबू घेण्याऐवजी चार-चार जणांचे दोन तंबू घ्यावेत, असा माझा आग्रह आहे. ते बुटके असल्यामुळे वाऱ्यात टिकतात, ठोकायला सोपे जातात, सदनिकेच्या गच्चीत वाळवता येतात आणि एक बिघडला तरी दुसरा हाताशी राहतो. शिवाय तंबूवर लिहिलेली माणसांची संख्या खांद्याला खांदा लावून झोपणाऱ्यांची असते, सामानाची जागा तिच्यात धरलेली नसते.

तंबू कोणताही घेतला, तरी तणावे, म्हणजे तंबू ताणून धरणाऱ्या दोऱ्या, सगळे बांधावेत. निरभ्र संध्याकाळी ते सोडून देण्याची सवय अनेकांना असते आणि वारा मध्यरात्री येतो. आपल्या पठारांवर मातीचा थर पातळ आणि खाली काळा पाषाण असतो, त्यामुळे सोबत मिळणाऱ्या बारीक तारेच्या मेखा तिथे वाकतात. लोखंडी जाड मेखा वेगळ्या विकत घ्याव्यात आणि जिथे त्याही शिरत नाहीत तिथे तणावा मोठ्या दगडाला बांधावा.

लेस्टरकर

मी इंग्लंडमध्ये राहतो. इथे मोठे कौटुंबिक तंबू सर्रास वापरले जातात, म्हणून दोन पर्यायांविषयी लिहितो.

पहिला पर्याय म्हणजे पॉलिएस्टर आणि सुताच्या मिश्र कापडाचा तंबू. पाण्याने त्यातले सुती धागे फुगतात आणि वीण घट्ट होते. कापडातून हवा जाते, त्यामुळे आत दव कमी साचते, आणि उन्हातही हे कापड साध्या पॉलिएस्टरपेक्षा अधिक टिकते. परंतु ते फार जड असते आणि किंचित ओले असताना घडी घातले तर त्यावर बुरशी धरते. ज्यांच्याकडे अंगण किंवा मोठी गच्ची नाही, त्यांनी पश्चिम महाराष्ट्राच्या किंवा कोकणाच्या हवेत त्याच्या नादी लागू नये.

दुसरा पर्याय हवा भरायच्या नळ्यांचा. काठ्याच नसल्यामुळे चिरण्याचा प्रश्न मिटतो. वाऱ्यात या नळ्या दबतात आणि पुन्हा उभ्या राहतात. मात्र कडक उन्हात आतली हवा प्रसरण पावून दाब वाढतो, म्हणून दुपारी थोडी हवा सोडावी लागते, आणि सुटे झडप व आतली नळी वेगळी मिळते की नाही हे खरेदीपूर्वी विचारून घ्यावे. सुटे भाग मिळत नसतील तर हा तंबू एका भोकाने बाद होऊ शकतो.

दोन तंबूंच्या सूचनेशी मी पूर्ण सहमत नाही. ज्येष्ठ माणसे आणि मुले सोबत असताना पावसात सगळ्यांना एकत्र बसता येईल अशी एक उंच जागा असणे ही चैन नव्हे.

नाशिकची_भटकंती

सर्वांचे मनापासून आभार. आमची सदनिका आहे आणि गच्ची सामाईक आहे, त्यामुळे मिश्र कापडाचा विचार सोडून दिला. सासू-सासऱ्यांसाठी उभे राहता येईल असा चार जणांचा उंच तंबू आणि आमच्यासाठी अ‍ॅल्युमिनिअमच्या काठ्यांचा बुटका तंबू, अशी जोडी चालेल का? आणि जुन्या तंबूतले काही उपयोगी पडेल का?

मेखा_आणि_तणावे

जोडी चांगली आहे. सह्यवारा यांची वाऱ्याची आणि लेस्टरकर यांची उंचीची अडचण त्यातून दोन्हीकडून सुटते. ठोकताना बुटका तंबू वाऱ्याच्या बाजूला आडवा ठेवून उंच तंबूला त्याचा आडोसा करू नये, त्याने फारसा फरक पडत नाही. उंच तंबूची अरुंद बाजू वाऱ्याकडे करावी आणि दार वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला ठेवावे. उंच तंबू दुकानात उभा करून दाखवायला सांगावे आणि सासूबाईंना आत जाऊन पाहू द्यावे, कारण खोक्यावर लिहिलेली उंची मध्यभागाची असते, दाराची नव्हे.

जुन्या तंबूचा आतला जाळीदार भाग लेप नसल्यामुळे बहुधा चांगला असेल. कोरड्या हवेत तो मच्छरदाणीसारखा एकटा उभा करता येतो. त्यासाठी चिरलेल्या काठीचा तुकडा बदलावा. बाहेरचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजून त्याच मापाचा तुकडा घ्यावा आणि कापताना हातमोजे व तोंडाला मास्क अवश्य लावावा, कारण काचेचे तंतू कातडीत शिरतात. चेनचे दात शाबूत असतील तर फक्त रनर ढिला झालेला आहे. पकडीने त्याच्या दोन्ही कडा अगदी हलक्या दाबून पाहाव्यात, आणि तरीही चेन मागे उघडी राहिली तर बॅगा दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडून त्याच क्रमांकाचा नवा रनर बसवून घ्यावा. मेखा, तणावे आणि जमिनीवर अंथरायचे कापड वेगळे काढून ठेवावे. ते कापड नव्या तंबूखाली घालायचे झाल्यास तंबूच्या तळापेक्षा चार बोटे आत राहील असे कापून घ्यावे. बाहेर डोकावणाऱ्या कडेवर पावसाचे पाणी पडते आणि ते थेट तळाखाली जाते.