गच्चीच्या कोटाआधी पाइपची जाळी बघा
गच्चीवर वॉटरप्रूफिंगचा कोट, म्हणजे पाणी मुरू नये म्हणून द्यायचा थर, मारला की पावसाळ्याची तयारी झाली असं म्हणतात, पण हे काही मला पटत नाही. माझ्या भाड्याने दिलेल्या घरात पाणी शिरलं तेव्हा कोट शाबूत होता. गच्चीवरचं पाणी खाली नेणाऱ्या पाइपच्या तोंडावरच्या जाळीवर सुकी पानं नि एक प्लास्टिकची पिशवी बसली होती. पाणी तुंबलं आणि उंबऱ्यावरून थेट जिन्यात. तेव्हापासून आधी जाळी साफ करतो, मग दोन बादल्या पाणी ओतून ते किती वेळात जातं ते उभं राहून बघतो. कोट मारायचाच तर बहुतेक कोटांसाठी स्लॅब पूर्ण कोरडा हवा, नाहीतर आत अडकलेल्या ओलीने फुगे येऊन तो सुटतो. आणि छताला डाग दिसला म्हणून भेग नेमकी त्याच्या वरच असेल असं नाही. पाणी वाट काढत भलतीकडेच उतरतं.

घर बघायला भाडेकरूंकडे मात्र विचारून, वेळ ठरवून जा. कुठल्या खिडकीतून पाणी येतं, कुठला स्विच ओलसर भिंतीवर आहे, हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असतं. असा स्विच निघाला तर रंगाचं राहू द्या, आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा.