रिपोर्टात यूटीसी की भारतीय वेळ? एकदाचं ठरवून टाकू

हिंजवडीचा_हमाल:
आमचा क्लायंट इथलाच. दुकानं भारतात, ग्राहक भारतात, सीए लक्ष्मी रोडवर. डेटा मात्र क्लाउडवर यूटीसीत, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेत. १ एप्रिलला पहाटे ३ ची ऑर्डर रिपोर्टात ३१ मार्चला पडते, म्हणजे थेट मागच्या आर्थिक वर्षात! रात्री १२ ते पहाटे साडेपाच हा सगळा धंदा रोज आदल्या दिवसाच्या खाती. माझं मत: आपल्याकडे घड्याळ मागेपुढे करायची भानगड नाही, +५:३० बारमाही. डेटा आत घेतानाच साडेपाच तास मिळवा आणि यूटीसीचं नाव काढू नका.

खराडी_नाइट_शिफ्ट:
सपशेल अमान्य. तुम्ही साडेपाच तास मिळवलेत, कॉलमचं नाव ‘ऑर्डर टाइम’च राहिलं. सहा महिन्यांनी डॅशबोर्ड बनवणारा नवा पोरगा त्याला यूटीसी समजून आणखी साडेपाच मिळवणार. मग शोधत बसा. शिवाय उद्या अमेरिकेचं दुकान आलं तर? तिथे नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी रात्री १ ते २ हा तास दोनदा येतो. स्थानिक वेळ साठवली तर दीडची ऑर्डर पहिल्या दीडची की दुसऱ्या, देव जाणे. मूळ वेळ यूटीसीतच हवी.

हिंजवडीचा_हमाल:
अमेरिका येईल तेव्हा बघू हो. आज सीए माझ्या मानगुटीवर आहे.

पेठेतला_एसक्यूएलवाला:
दोघंही भलतीकडेच भांडताय. दगा बेरजेत होतो. बहुतेक टीम यूटीसीच्या तासाप्रमाणे बेरजा करून ठेवतात आणि रिपोर्टात त्या ‘भारतीय’ करायला जातात. यूटीसीचा १८ ते १९ हा तास म्हणजे आपले रात्री साडेअकरा ते साडेबारा. आपली मध्यरात्र त्याच्या बरोब्बर पोटात! एकदा बेरीज झाली की त्यातलं आजचं किती, उद्याचं किती, ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. सिंगापूर +८ वर आहे, तिथे हा उद्योग खपतो. आपल्या अर्ध्या तासाला खपत नाही (नेपाळ तर +५:४५, त्यांचे हाल विचारूच नका). म्हणून आधी वेळ बदला, मग ग्रुप बाय (म्हणजे गट पाडून बेरीज). आणि हाताने साडेपाच मिळवू नका, ‘एशिया/कोलकाता’ हे झोनचं नाव द्या. बिगक्वेरीत (गूगलचा क्लाउड डेटाबेस) टाइमस्टॅम्पची, म्हणजे नोंदीच्या नेमक्या वेळेची, तारीख काढताना ते सरळ देता येतं.

बिलाची_काळजी:
वा. आणि पार्टिशन, म्हणजे टेबलाचे तारखेवार तुकडे, यूटीसी तारखेवर असतील तर आपल्या एका दिवसासाठी दोन पार्टिशन वाचावी लागतात. त्याचे पैसे पेठेतून येणार का?

पेठेतला_एसक्यूएलवाला:
भारतीय तारखेचा वेगळा कॉलम भरा, पार्टिशन त्यावर करा. मूळ टाइमस्टॅम्पला हात लावू नका.

हिंजवडीचा_हमाल:
म्हणजे मी म्हणत होतो तेच!

खराडी_नाइट_शिफ्ट:
तेच कसं? तुम्ही मूळ वेळच पुसायला निघाला होतात. आणि ‘आज’चं काय? पॉवर बीआय या रिपोर्टच्या सॉफ्टवेअरमधला रिपोर्ट डेस्कटॉपवर ठीक दिसतो, कारण तिथे लॅपटॉपचं घड्याळ. त्याच्या ऑनलाइन सर्व्हिसवर चढवला की टुडे फंक्शन यूटीसीची तारीख देतं. पहाटे साडेपाचपर्यंत ‘आज’ म्हणजे काल. स्नोफ्लेक या क्लाउड डेटाबेसमध्ये तर कुणी सेटिंग बदललं नसेल तर सेशनचा झोन लॉस एंजेलिस! उन्हाळ्यात दुपारी साडेबारापर्यंत, थंडीत दीडपर्यंत कालचीच तारीख.

एफसी_रोड_काउंटर:
मी हॉटेलांचे रिपोर्ट करते. आमचा गल्ला रात्री दीडला बंद होतो आणि मालकाच्या लेखी ते सगळं शनिवारचंच, रविवारचं नाही. तुमच्या यूटीसीलाही नमस्कार आणि भारतीय मध्यरात्रीलाही. दिवस कुठे संपतो ते क्लायंटकडून लिहून घ्या, मग कोड.

हिंजवडीचा_हमाल:
तारखेचा कॉलम घेतो. पण सीएला यूटीसीची वेळ मी दाखवणार नाही.

पेठेतला_एसक्यूएलवाला:
दाखवा कोण म्हणालं? व्ह्यूमध्ये (मूळ टेबलावरची तयार क्वेरी) बदलून द्या. फक्त कॉलमच्या नावात ‘आयएसटी’ लिहा, नाहीतर तो खराडीचा नवा पोरगा येतोय.