प्रौढांच्या वर्गात अक्षरांबरोबरच मोबाईलही शिकवावा का?

ओसरीवरचा वर्ग:
प्रौढांना साक्षर करण्याच्या केंद्र सरकारच्या उल्लास कार्यक्रमात मी स्वयंसेवक आहे. रोज दिवेलागणीनंतर माझ्या ओसरीवर सात बायका शिकायला येतात. २०२५ च्या सप्टेंबरात लाडक्या बहिणीची ई-केवायसी निघाली आणि वर्ग ओस पडला, सगळ्या रांगेत. त्यातल्या एकीनं आधार, फोन, सगळंच केंद्रावरच्या मुलाच्या हातात दिलं. "दुसरा ओटीपी ह्यांच्या फोनवरचा मागितला, कशाला ते कळलंच नाही," म्हणाली. नवऱ्याच्या आधारचीही पडताळणी होती, त्यात काही वावगं नव्हतं. पण पैसे गेले की काय या काळजीनं बाई दोन रात्री झोपली नाही. मी तेव्हा तिला 'कमळ' शिकवत होते. माझं मत स्पष्ट आहे: पहिल्या दिवसापासून दोन्ही एकत्र शिकवा. उल्लासमधल्या जीवनकौशल्यांत डिजिटल साक्षरता आहेच, पण परीक्षा १५० गुणांची आणि ते सगळे वाचन, लेखन, संख्याज्ञानाचे. त्यामुळे फोन मागे राहतो.

निवृत्त मास्तर:
ताई, तळमळ समजते, पण मत पटत नाही. नव्वदच्या दशकातल्या साक्षरता मोहिमेत मी गावोगाव कंदील घेऊन हिंडलोय. तेव्हा सही आली की माणूस साक्षर म्हणून मांडायची घाई झाली. वर्षभरानं त्याच माणसाला एसटीची पाटी वाचता येत नव्हती. आता बटण दाबता आलं की साक्षर, असं होईल. पन्नाशीच्या बाईला, दिवसभर भांगलण करून आल्यावर, जोडाक्षर बसायला किती दिवस लागतात ते तुम्हीही पाहताय. त्या तासातला वेळ कापू नका. शिवाय फोन बोलतो. माईक दाबून काम भागलं तर वाचायचे कष्ट कोण घेईल? आणि ओटीपीचा मेसेज बहुतेक वेळा इंग्रजीत असतो. तो तुमच्या वर्गात कसा वाचून होणार?

घाटावरचा:
केरळ बघा. तिरुवनंतपुरम जिल्ह्यातली पुल्लमपारा ग्रामपंचायत २०२२ मध्ये पूर्ण डिजिटल साक्षर जाहीर झाली. रोजगार हमीच्या कामावर जाऊन शिकवलं. पुढे २१ ऑगस्ट २०२५ ला सगळं राज्य तसं जाहीर झालं. म्हातारी माणसंसुद्धा शिकली. आपल्याकडे काय अडतंय?

निवृत्त मास्तर:
हे उदाहरण माझ्या बाजूचं आहे. केरळ १९९१ मध्येच पूर्ण साक्षर जाहीर झालं होतं. आधी अक्षर, तीस वर्षांनी फोन.

मुरबाडची लेक:
मास्तर, तीस वर्षं कुणाकडे आहेत? आमच्या तालुक्यात फांगण्याला २०१६ मध्ये आजीबाईंची शाळा सुरू झाली. गुलाबी नऊवारीतल्या आज्या, पाठीला दप्तर. तिथल्या आज्यांना सही आल्याचं जे अप्रूप होतं, ते मला फार मोलाचं वाटतं, त्याला फोनची जोड लागत नाही. पण बँकेची बाब वेगळी. माझी आई पाचवी शिकलेली, घडाघडा वाचते. तरी 'पैसे घेण्यासाठी पिन टाका' म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवून बसली. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. वाचता येणं पुरलं नाही. अशा फसवणुकीची तक्रार १९३० या हेल्पलाइन नंबरवर करायची, हेही नंतर कळलं.

ओसरीवरचा वर्ग:
मास्तर, इंग्रजी मेसेजचा तुमचा मुद्दा खरा आहे, त्यावर मी दोन दिवस विचार केला. पूर्ण मेसेज नाही वाचता येणार. पण आकडे येतील. आपण फळ्यावर मराठी आकडे शिकवतो आणि बहुतेक फोनवर असतात इंग्रजी. मराठी चार त्यांना इंग्रजी आठासारखा दिसतो. एकीनं गिरवून शिकलेला मुलीचा नंबर फोनवर दाबला आणि भलत्यालाच लागला, तेव्हा हे माझ्या ध्यानात आलं. आता प्रत्येक आकडा दोन्ही रूपांत, शेजारी शेजारी लिहिते. गिरवायला स्वतःचा मोबाईल नंबरच देते. हे लेखनही आहे आणि फोनही.

निवृत्त मास्तर:
आकड्यांचं मान्य. ते मीही केलं असतं. पण पिन, ॲप, पैसे पाठवणं हे बाराखडी पुरी झाल्यावरच.

ओसरीवरचा वर्ग:
सातांपैकी बाराखडी पुरी झालीय दोघींची. खात्यात पैसे मात्र सातही जणींच्या येतात. म्हणून पिन कुणाला सांगायचा नाही, हे मी उरलेल्या पाचजणींना उद्याच सांगणार आहे.