मागचा गिअर मोठ्या चकतीवर लगेच जातो, लहान चकतीवर यायला मात्र वेळ लावतो

रानवाट:

नमस्कार मंडळी,

माझ्या माउंटन बाइकला पुढे एकच चकती आहे, मागे १० गिअरची ११–४२ दातांची कॅसेट (चकत्यांचा संच) आणि क्लचवाला (चेनचे हेलकावे रोखणारा) डिरेलर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग. अंगठ्याने मोठा लिव्हर दाबला की चेन मोठ्या चकतीवर झटकन चढते, काही तक्रार नाही. उलट दिशेने मात्र त्रास आहे. लिव्हर दाबला, क्लिक ऐकू आला, तरी चेन तिथेच. पेडलचा एखादा फेरा होतो आणि मग ती पडते, कधीकधी एकदम दोन चकत्या ओलांडून. सगळ्यात वाईट शेवटच्या तीन-चार लहान चकत्यांवर. उतार सुरू झाला आणि वेग धरायचा असला की नेमकी तेव्हाच अडकते.

बॅरल अॅडजस्टर (केबलचा ताण कमीजास्त करणारी फिरकी) आत फिरवून केबल थोडी सैल केली की लहान चकत्यांकडे येणं सुधारतं, पण मग मोठ्या चकत्यांवर चढायला आळस करते. दोन्हीकडे नीट चालेल अशी जागाच सापडत नाहीये. चेन तपासली, मापपट्टीचं ०.५ चं टोक आत जात नाही, म्हणजे ती झिजलेली नाही. बाइक ओल्या आणि चिखलाच्या वाटांवर भरपूर चालली आहे. केबल वरच्या नळीखालून जाते, मधे उघडी आहे.

डिरेलरचा एच स्क्रू थोडा सैल करून बघू का? की डिरेलरची स्प्रिंगच गेली?

चढणवाला:

क्लच बंद करून बघा. माझ्या बाइकचा क्लच फार घट्ट झाला होता तेव्हा शिफ्टिंग असंच जड झालं होतं. हँगरही (डिरेलर फ्रेमला ज्यावर लटकतो तो तुकडा) बघा, बाइक उजव्या कुशीवर पडली असेल तर तो हमखास वाकतो.

जुना_पाना:

रानवाट, एच स्क्रूला हात लावू नका. तो फक्त सगळ्यात लहान चकतीच्या बाहेर डिरेलरने किती जायचं ते ठरवतो. तुमची चेन मधल्या चकत्यांवरही रेंगाळते आहे, त्याचा या स्क्रूशी संबंध नाही. तो सैल केलात तर चेन ११ च्या चकतीवरून फ्रेमच्या फटीत जाऊन बसेल आणि एक नवीन दुखणं मागे लागेल.

तुम्ही लक्षण इतकं नेमकं लिहिलंय की अर्धं उत्तर त्यातच आहे. मोठ्या चकतीकडे जाताना केबल तुमचा अंगठा ओढतो. अंगठ्यात भरपूर जोर असतो, त्यामुळे केबल कुठे घासत असली तरी ती ओढली जाते आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही. परत येताना शिफ्टर (हँडलवरचा लिव्हरचा संच) केबल फक्त सोडून देतो, ती मागे खेचून घ्यायचं काम एकट्या डिरेलरच्या स्प्रिंगचं. आणि ही स्प्रिंग लहान चकत्यांजवळ सगळ्यात कमी ताणलेली असते, म्हणजे तिथेच तिचा जोर सगळ्यात कमी. शेवटच्या तीन-चार चकत्यांवर त्रास जास्त आहे म्हणता, तो यामुळे. केबल कुठेतरी घासते आहे. १० गिअरच्या कॅसेटवर शेजारच्या दोन चकत्यांच्या मध्यांत जेमतेम ४ मिमी अंतर असतं. डिरेलर एक मिलिमीटर जरी मागे राहिला तरी चेन पडणार नाही.

अॅडजस्टरची चांगली जागा सापडत नाही, हे तर घासणीचंच लक्षण. ताण चुकला असता तर तो फिरवून कुठेतरी दोन्ही दिशा जमल्या असत्या. घासणी असताना तुम्ही एका बाजूचं दुखणं दुसऱ्या बाजूला ढकलत राहता. कृपा करून आता तो फिरवणं थांबवा.

चढणवाला, क्लचबद्दल माझं मत वेगळं आहे. या डिरेलरचा क्लच एकाच दिशेने अडवतो, डिरेलरच्या छोट्या चाकांचा पिंजरा पुढे ओढला जाताना. म्हणजे घट्ट क्लचमुळे मोठ्या चकतीवर चढणं जड होईल. इथे उलटं आहे. वाकलेला हँगर दिशा बघत नाही, त्यात काही गिअर नीट आणि काही खडखडणारे, चढताना आणि उतरताना सारखेच. तरी मागे उभं राहून एकदा नजर टाका, डिरेलरची दोन्ही छोटी चाकं आणि वरची चकती एका रेषेत दिसायला हवीत.

आता घासणी शोधा. चेन सगळ्यात मोठ्या चकतीवर घ्या. पेडल थांबवा आणि चाक न फिरवता शिफ्टर क्लिक क्लिक करत शेवटपर्यंत सोडा. केबल एकदम सैल पडेल. आता फ्रेमवरच्या चीर असलेल्या स्टॉपमधून आउटरची (केबलवरच्या आवरणाच्या नळीची) टोकं बाहेर काढा. प्रत्येक तुकडा केबलवर पुढेमागे सरकवून बघा. चांगला तुकडा स्वतःच्या वजनाने घसरतो. खराब तुकडा बोटांना कुरकुरल्यासारखा लागतो. माझा सगळा संशय डिरेलरमध्ये शिरणाऱ्या शेवटच्या वळणावर आहे. तिथे वळण सगळ्यात जास्त, चाकाचा चिखल सगळ्यात जास्त, आणि वरून केबलवरून ओघळणारं पाणी तिथेच साचतं.

केबल सैल आहे तोवर आणखी एक करा. डिरेलर हाताने आत ढकलून सोडा. टकदिशी परत आला तर स्प्रिंग आणि सांधे ठणठणीत आहेत. हळू आला तर सांध्यांत माती आहे, साफ करून प्रत्येक सांध्याला एक थेंब तेल द्या. स्प्रिंग आपणहून मरत नाही, तिला उगाच दोष देऊ नका.

रानवाट:

जुना_पाना, अगदी तसंच निघालं. पुढचे दोन्ही तुकडे सहज सरकले. मागचं वळण हलेचना, केबल धरून पिळल्यावर करकरत हललं. केबल पूर्ण बाहेर काढली तर त्या वळणात होती तेवढ्या भागावर तपकिरी चिकट लेप होता, फडक्याने पुसल्यावर खाली तारेचा पीळ एका बाजूने चपटा झिजलेला दिसला. आउटरच्या टोकाची टोपी फुटली होती, फटीत वाळलेली माती. डिरेलर हाताने ढकलला, टकदिशी परत येतो. हँगरही सरळ दिसतोय.

आता तेवढाच तुकडा बदलू की सगळं? आणि घरात ब्रेकच्या आउटरचा तुकडा पडलाय, तो चालेल का?

जुना_पाना:

केबल झिजलीये म्हणता, मग आतली केबल पूर्ण नवी घ्या. आउटरही सगळेच बदला, पुढचे तुकडे आज सरकत असले तरी त्यांनी पाणी तेवढंच प्यायलंय.

ब्रेकचा आउटर मुळीच नको. त्यात आतली तार स्प्रिंगसारखी वेटोळ्यांची असते, दाब आला की ती किंचित आखडते, आणि गिअरला तेवढा फरकही चालत नाही. गिअरच्या आउटरमधल्या तारा लांबीच्या दिशेने सरळ असतात, म्हणून त्याची लांबी पक्की राहते. उलटा प्रयोग तर कधीच करू नका: गिअरचा आउटर ब्रेकला लावला तर जोरात ब्रेक दाबल्यावर तो फाटू शकतो. तुम्हाला गिअरचा ४ मिमीचा आउटर हवा आणि १.२ मिमीची स्टेनलेस केबल.

आउटर कापायला खरा केबल कटर वापरा. साध्या पकडीने टोक चेपतं आणि आतली प्लास्टिकची नळी मिटते, मग नव्या केबलमध्येही तीच घासणी घेऊन तुम्ही परत याल. कापल्यावर टोकात दाभण घालून नळी गोल उघडा, टोक काटकोनात आहे ना ते बघा, मगच टोपी चढवा. मागच्या वळणाची लांबी हा या कामाचा जीव आहे. आखूड केलंत तर आउटर डिरेलरच्या तोंडाशी मोडल्यासारखा वळतो, लांब केलंत तर बाहेर झोळ येतो आणि काट्याझुडपांत अडकतो. तो डिरेलरमध्ये सरळ रेषेत शिरायला हवा. जुना तुकडा शेजारी धरून मापा, पण तो मुळात नीट कापलेला होता असं गृहीत धरू नका.

शिफ्टरमधून जुनी केबल काढताना तिच्या डोक्याजवळ बघा. तिथे एखादी तार तुटलेली दिसली तर तिचा तुकडा आत राहिला नाही ना याची खात्री करा.

जोडणी: चेन ११ वर, शिफ्टर शेवटपर्यंत सोडलेला, अॅडजस्टर पूर्ण आत आणि मग एक-दोन आटे बाहेर. केबल हाताने ताणून बोल्ट ६–७ न्यूटन मीटरने आवळा. बोल्टजवळ केबलसाठी खाच असते, केबल तिच्यातच बसवा, दुसऱ्या बाजूने घातली तर प्रत्येक क्लिकचं माप बदलतं. मग मधली उघडी केबल हाताने चार-पाच वेळा जोरात ओढा म्हणजे टोप्या आपापल्या जागी बसतील. बोल्टपाशी ढिलाई आली तर परत ताणून आवळा. त्यानंतरच गिअर जुळवा: एक क्लिक, चेन दुसऱ्या चकतीवर, पेडल फिरवत अॅडजस्टर बाहेर काढत जा. तिसऱ्या चकतीला घासल्याचा आवाज आला की आवाज थांबेपर्यंतच परत आत.

उतारप्रेमी:

धाग्यात घुसतोय, क्षमस्व. माझ्या बाइकला थंडीत क्लिकच लागत नाही, लिव्हर नुसता फिरतो. हाही केबलचाच प्रकार का?

जुना_पाना:

नाही, तुमचं शिफ्टरच्या आत आहे. जुनं ग्रीस घट्ट होतं आणि आतला छोटा खटका दात्यात वेळेवर पडत नाही. गारठ्यात ते ग्रीस आणखी दाटतं. केबल काढा, शिफ्टरच्या फटीत पातळ तेलाचा फवारा मारून लिव्हर सारखा दाबत राहा, खाली फडकं धरा. काळपट पाणी गळायचं थांबेपर्यंत. खटके वाजायला लागले की हलकं तेल द्या. जाड ग्रीस आत भरू नका, त्यानेच हे होतं.

रानवाट:

नवी केबल, नवे आउटर टाकले. ११ पासून ४२ पर्यंत आणि परत, एकेक क्लिकला एकेक चकती. लिव्हरही हलका लागतोय, मला वाटायचं तो मुळातच तेवढा जड असतो. फक्त ४२ वर थोडी घरघर आहे.

जुना_पाना:

४२ वर चेन ठेवून डिरेलरचं वरचं छोटं चाक चकतीच्या किती जवळ आहे ते बघा. ५–६ मिमी फट हवी, ५ ची अॅलन की मधे धरून अंदाज घ्या. कमी असेल तर डिरेलरवरचा बी स्क्रू (ही फट ठरवणारा) थोडा आत फिरवा. फार फिरवू नका, फट वाढली की सगळ्याच गिअरचं बदलणं मंद होतं.