मारुती ८०० चा क्लच घरीच बदलायचा हाय, कुणी केलंय काय?

जांबोटीवाला
नमस्कार मंडळी. २००७ ची मारुती ८०० हाय, बाबांची गाडी, विकायला मन होत नाही. गेल्या रविवारी गोव्यातल्या साखळीहून येताना चोर्ला घाट चढत होतो, चार माणसं आणि डिकीत नारळाचं पोतं, तिसऱ्यात इंजिन नुसतं ओरडालंय आणि गाडी काय पुढं सरकेना, दुसऱ्यात टाकली तर जळका वास, मागचा टेंपोवाला हॉर्न मारून मारून बेजार. कसंतरी कणकुंबीला पोचलो, चहा घेतला, गाडी थंड केली मग घर गाठलं. गॅरेजवाल्यानं बॉनेट न उघडताच सांगितलं, क्लच गेला, साडेसहा हजार. सामान किती मजुरी किती विचारलं तर ते सांगेना. दुचाकी मी स्वतः खोलतो, घरामागं पत्र्याची शेड हाय. बजेट तीन हजार. कुठला सेट घेऊ आणि घरात होण्यासारखं हाय काय हे? गणपतीला आंबोलीतून सासरी जायचंय, त्याआधी गाडी पाहिजे.

निपाणीकर_अण्णा
खोलायच्या आधी केबल बघ की बाबा. पेडल हातानं दाबलं की पहिल्यांदा थोडं मोकळं गेलं पाहिजे. केबल ओढून ताणलेली असेल तर पाय काढला तरी क्लच अर्धवट दाबलेलाच राहतो आणि चांगली प्लेटसुद्धा घसरते. गिअरबॉक्सकडच्या टोकाला नट असतोय, तो ढिला करून बघ, फुकटचं काम. तरी घसरली तर सपाट जागेवर, पुढं कोण नाही बघून, हँडब्रेक गच्च ओढायचा, तिसरा गिअर टाकायचा आणि थोडी रेस देऊन क्लच हळू सोडायचा. इंजिन दणकन बंद पडलं तर पकड हाय. फिरतच राहिलं तर प्लेट गेली. एकदाच कर खरं, पोरांना दाखवायला परत परत नको, उरलीसुरली त्यातच जळेल.

उद्यमबाग_लेथ
क्लच प्लेट, तिला दाबून धरणारी प्रेशर प्लेट, पेडल दाबल्यावर ती सोडवणारं रिलीज बेअरिंग, तिन्ही एकदम घे. व्हॅलिओ कंपनीचा चालेल, लुक कंपनीचा चालेल, मारुतीचा जेन्युईन मिळाला तर प्रश्नच नाही, फक्त बिल देणाऱ्या दुकानातनं घे कारण डुप्लिकेट खोकी लई फिरतात. मी एकदा बेअरिंगचे पैसे वाचवले, चार महिन्यांत पेडल दाबलं की किर्रर्र, परत गिअरबॉक्स खाली. ह्या कामात पार्ट महाग नाही, गिअरबॉक्स काढणं महाग हाय, म्हणून तो खाली आला की आत जे दिसेल ते सगळं निपटायचं. क्रँकचा मागचा ऑइल सील, ॲक्सलचे सील, सगळं. फ्लायव्हीलवर (प्लेट जिला घासते ती इंजिनची जड चकती) निळे डाग किंवा बारीक चिरा दिसल्या तर लेथवाल्याला दाखव (माझाच धंदा म्हणून सांगत नाही हं, नुसते हलके ओरखडे असतील तर पॉलिश पेपर मारून सोडून दे).

चंदगडी_गडी
माझं मत वेगळं. सामान स्वतः आण आणि ओळखीच्या मेस्त्रीला नुसती मजुरी ठरवून दे. दुचाकी खोलणं आणि हे यात फरक हाय, गिअरबॉक्स छातीवर आला की कळतंय.

जांबोटीवाला
केबल ढिली केली, फरक शून्य. तिसऱ्यातलं पण केलं, इंजिन मस्त फिरतंय. म्हणजे खोलायचंच. चुलतभाऊ मदतीला हाय.

उद्यमबाग_लेथ
मग ऐक. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली जायचं नाही. विटा नको, जांभा दगडाचा चिरा पण नको, तो वजनानं कधी फुटेल सांगता येत नाही. लोखंडी स्टँड भाड्यानं आण. पहिलं बॅटरीची वायर काढ, मग गिअर ऑइल सोड, नाहीतर ॲक्सल ओढताना सगळं तोंडावर. लोअर आर्म सोडला की ॲक्सल निघतात. स्टार्टर, गिअरचा रॉड, क्लच केबल, रिव्हर्स लाईटची वायर, अर्थिंग, प्रत्येक गोष्टीचा मोबाईलवर फोटो. इंजिनखाली लाकूड ठेवून दुसरा जॅक लाव, कारण तिकडचं माउंटिंग सुटलं की इंजिन लोंबतंय. आतली काळी धूळ हवा मारून उडवू नको, ओल्या फडक्यानं पूस, फुप्फुसात जातीय ती.
आणि प्लेट मध्यात बसवायला डमी, म्हणजे खोटा शाफ्ट, लागतोय. जुन्या गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट भंगारवाल्याकडं मिळाला तर त्याच्यासारखा डमी नाही. प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करत आवळ, आणि सगळे आवळून झाल्यावरच डमी काढ.

जांबोटीवाला
झालं मंडळी! दोन दिवस गेले. गंमत अशी की प्लेटला अजून बऱ्यापैकी जाडी होती, खरं ती तेलानं काळीकुट्ट, बोट लावलं तर चिकट. क्रँकचा सील गळालाय, तेल थेट प्लेटवर. नुसती प्लेट घातली असती तर आंबोलीत परत तेच. लेथवाले भाऊ, तुमचे पाय कुठं आहेत? सेट २१५० ला मिळाला, सील आणि गिअर ऑइल धरून तीन हजारांच्या वर दोनशे गेले. दुकानदार कानडीत बोलला, मी मराठीत, पार्टची नावं इंग्रजी, काही अडलं नाही. गिअरबॉक्स मात्र दीड तास बसेना. शाफ्ट तोंडाला लागतोय आणि आत जाईना, बोल्टनं ओढून घेऊया म्हणालो तर चुलतभाऊ म्हणाला थांब, एका चाकाकडची बाजू जरा वर उचल. दोन बोटं उचलली आणि टक् करून बसला.

निपाणीकर_अण्णा
बोल्टनं ओढला नाहीस ते बरं केलंस, कव्हरचा कान तुटला असता. आता चार-पाचशे किलोमीटर घाटात ओढाताण नको आणि केबलचं मोकळं अंतर परत एकदा बघ.

जांबोटीवाला
होय अण्णा. गाडी लोण्यासारखी चालालीय. फक्त एक, स्पीडोमीटरचा काटा शून्यावरच हाय. मीटर जळलं काय?

उद्यमबाग_लेथ
फोटो बघ की गा. गिअरबॉक्सवर मीटरची केबल लावलीस काय?

जांबोटीवाला
शेडमध्ये लोंबतीय.