वाळ्याला फ्रेंच बाटलीत बघून

एका भाऊंनी विचारलंय की पूर्व-पश्चिम मिश्रणाचे महागडे परफ्यूम म्हणजे नुसतं मार्केटिंग का, तर काही बाबतीत हो. गेरलाँ या फ्रेंच कंपनीचं शालिमार घ्या, १९२५ चं, नाव मुघल बागेचं पण आत बर्गमोट (लिंबाच्या जातीचं फळ) आणि व्हॅनिला, आणि व्हॅनिला तर मूळची मेक्सिकोची! उलट ओमानचा अमुआज हा परफ्यूमचा ब्रँड १९८३ साली सुलतान काबूस यांच्या सांगण्यावरून निघाला, गी रोबेर या फ्रेंच माणसाकडून 'गोल्ड' परफ्यूम बनवून घेतला आणि त्यात ओमानमधल्याच धोफारचा लोबान, हे खरं मिश्रण.

मला गंमत वाटते ती वाळ्याची. मागे पुतण्याने दुबईहून व्हेटिव्हरची, म्हणजे वाळ्याच्याच परफ्यूमची, बाटली आणली, मी मनगटावर मारली तर थेट आमच्या जळगावच्या घरातला मे महिना, कूलरच्या ओल्या ताट्या! शब्दही तमिळ वेट्टिवेरवरून गेलेला. आई म्हणे, "यामा काय शे एवढं, माठात टाकतो तोच वाळा ना?"

फक्त एक, आपल्या उन्हात स्पिरिटवाला स्प्रे भुर्रकन उडतो, चंदन तेलातल्या अत्तराचा फाया कानात ठेवला की संध्याकाळपर्यंत टिकतो. मी लग्नाला जाताना दोन्ही लावतो, खाली अत्तर आणि वरून स्प्रे, बायको नाक मुरडते ते वेगळं.